घर मोजावे की चूल? इनामगावच्या मातीतील उच्चनीचतेचा शोध

गावात वस्ती किती, हे विचारताना जुनी माणसे 'उंबरे किती?' असे विचारतात. भावाभावांत वाटणी झाली, की मात्र 'चूल वेगळी झाली' असे म्हणतात. ही दोन मापे एक नव्हेत. एका उंबऱ्याआड दोन चुली पेटू शकतात आणि एकाच चुलीवर तीन झोपड्यांतील माणसांचा स्वयंपाक होऊ शकतो. आजचा हा लांबलचक धागा याच साध्या फरकाभोवती फिरणार आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या खेड्यात कोण मोठा होता आणि कोण लहान, हे ठरवताना पुरातत्त्वज्ञ नेमके याच ठिकाणी अडखळतात.

आपले गाव आहे इनामगाव. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, घोड नदीचा उजवा काठ. इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. ७०० अशी सुमारे नऊशे वर्षे येथे शेतकरी नांदले. डेक्कन कॉलेजच्या वतीने हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात येथे बारा हंगाम उत्खनन केले आणि शंभराहून अधिक घरे उजेडात आणली. लिपी नाही, नाणे नाही, शिलालेख नाही, राजाचे नावही नाही. आहेत ती घरे, त्यांतील चुली, धान्याची पेवे आणि जमिनीखाली पुरलेली माणसे. विषमतेबद्दल जे काही बोलायचे, ते एवढ्यावरच बोलायचे आहे.

एवढी घरे सापडली ती एका पद्धतीमुळे, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द. दख्खनच्या ताम्रपाषाण काळाचा क्रम सुरुवातीला लागला तो उभ्या उत्खननातून. विहीर खणावी तसा मर्यादित चर खाली खाली न्यायचा, थर मोजायचे आणि कोणती खापरे आधीची, कोणती नंतरची हे ठरवायचे. अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि त्या गावाचे नाव एका संपूर्ण संस्कृतीला मिळाले. परंतु अशा चरात घर सापडत नाही. सापडलाच तर घराचा एखादा कोपरा सापडतो आणि तो कोपरा श्रीमंताचा की गरिबाचा, हे विचारण्यात अर्थ नसतो. इनामगावात टेकाडाचा विस्तीर्ण भाग आडवा उघडला गेला. एक घर, त्याच्या शेजारचे घर, मधली बोळ, पलीकडचे अंगण असे सगळे एकत्र दिसू लागले. तुलना शक्य झाली ती तेव्हा.

जगात इतरत्रही याच सुमारास हे वळण आले. मेक्सिकोतील प्राचीन खेड्यांवर काम करणाऱ्या केंट फ्लॅनरी यांनी १९७६ मध्ये घर हा अभ्यासाचा मूळ घटक मानून एक ग्रंथ सिद्ध केला. १९८२ मध्ये रिचर्ड विल्क आणि विल्यम रॅथ्जे यांनी या दृष्टीला 'हाउसहोल्ड आर्किऑलॉजी' हे नाव रूढ केले. आपण तिला कुटुंब-पुरातत्त्व म्हणू. त्यांचा मुद्दा असा, की कुटुंब म्हणजे मिळून काम करणारी, मिळून वाटून खाणारी, पुढच्या पिढीला मालमत्ता सोपवणारी आणि मुले वाढवणारी माणसे. ही कामे जमिनीवर खुणा सोडतात. कुटुंब स्वतः मात्र मातीत सापडत नाही. सापडते ते घर. या दोहोंमधले अंतर किती, हाच या शाखेचा सततचा वाद आहे आणि माझ्या मते हाच तिचा खरा कसही आहे.

आता इनामगावात शिरू. वस्तीचे तीन कालखंड मानले जातात. माळवा संस्कृतीचा पहिला, इ.स.पू. १६०० ते १४००. पूर्व जोर्वे, इ.स.पू. १४०० ते १०००. आणि उत्तर जोर्वे, इ.स.पू. १००० ते ७००. पहिल्या दोन काळांतील बहुतेक घरे चौकोनी, ऐसपैस. बुटकी मातीची भिंत, तिच्यावर कूड, वर गवताचे छप्पर. पूर्व जोर्वे काळात ही घरे ओळीने उभी आहेत आणि मध्ये जाण्यायेण्यापुरती मोकळी वाट आहे. घरात चूल, धान्यासाठी जमिनीत खणलेले पेव, कणगी ठेवण्यासाठी मातीची गोल बैठक. तांबे अगदी थोडे. रोजचे काम गारेच्या जातीच्या दगडाच्या धारदार पात्यांवर चाले. सातू, गहू, वाटाणा, इतर कडधान्ये पिकत. बोरे, जांभळे, आवळे गोळा केले जात. गुरे, शेळ्या-मेंढ्या, हरणे, मासे यांची हाडे कचऱ्यात मिळाली असून अनेक हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत.

या सगळ्या घरांत एक घर वेगळे पडते. ते पूर्व जोर्वे काळातले असून वस्तीच्या मध्यभागी आहे. त्याला पाच खोल्या आहेत. आणि त्याला लागून धान्याचे कोठार आहे. उत्खननकर्त्यांनी ते गावप्रमुखाचे घर मानले. राम शरण शर्मा यांच्यासारख्या इतिहासकारांनी एक पाऊल पुढे टाकून, त्या कोठारात लोकांनी धान्यरूपाने दिलेला कर साठवला जात असावा, असे सुचवले. आमच्या वर्गात या गृहस्थाला गमतीने 'इनामगावचा पाटील' म्हणतात. गंमत ठीक आहे, पण तिच्यात एक सापळा आहे. पाटील म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाडा, वतन, मान-पान आणि बारा बलुतेदार सगळे एकदम उभे राहते. मातीत मात्र तूर्त पाच खोल्या आणि एक कोठार एवढेच आहे.

पाच खोल्यांचा अर्थ काय लावायचा? घर मोठे म्हणजे धन जास्त, की माणसे जास्त? चार भाऊ एकत्र राहिले, तर घर वाढतेच. ते गावातले सर्वांत गरीब चार भाऊही असू शकतील. अलीकडे घराच्या आकारावरून विषमता मोजण्याची पद्धत बरीच गाजते आहे. टिमोथी कोलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये जगभरातील साठहून अधिक स्थळांच्या घरांचे आकार घेऊन जिनी गुणांक काढले. हा गुणांक शून्य असेल तर सर्वांकडे सारखे, आणि एकच्या जवळ गेला तर जवळजवळ सगळे एकाकडे. युरेशियात शेती रुजल्यानंतरच्या काळात ही दरी अमेरिका खंडातल्यापेक्षा अधिक रुंदावली, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी सुचवलेले एक कारण म्हणजे ओढकामाची मोठी जनावरे. ज्याच्याकडे बैल, तो अधिक जमीन कसतो. ज्याच्याकडे नाहीत, त्याचे रान तेवढेच राहते. महाराष्ट्रातल्या कुणाही शेतकऱ्याच्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. तरीही आकार आणि धन यांच्या मध्ये माणसांची संख्या उभी असते. ती ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

म्हणूनच मला पाच खोल्यांपेक्षा शेजारचे कोठार अधिक बोलके वाटते. फ्लॅनरी यांनी १९७२ च्या एका निबंधात मेक्सिको आणि पश्चिम आशियातील आरंभीच्या खेड्यांची तुलना केली होती. काही ठिकाणी गोल झोपड्यांचा पुंजका दिसतो. एकेका झोपडीत एक-दोन माणसे, आणि धान्याची साठवण मोकळ्यावर, सर्वांच्या नजरेसमोर. काही ठिकाणी चौकोनी घरे दिसतात. त्यांत एकेक कुटुंब राहते आणि साठवण घराच्या आत असते. फ्लॅनरी म्हणतात, साठवण आत गेली की वाटून घेण्याची सक्ती सैल होते. शेजाऱ्याला माझे पेव दिसत नाही. जास्त राबलो तर ते माझे, आणि पीक बुडाले तर तेही माझेच. विषमतेला वाव मिळतो तो या आडोशाला. भिंतीने आधी थंडीवारा अडवला. मागाहून शेजाऱ्याची नजरही अडवली.

ही कल्पना घेऊन इनामगावकडे पाहिले, की दोन गोष्टी लक्षात येतात. एक, घरोघरी पेव आणि कणगीची बैठक आहे, म्हणजे प्रत्येक कुटुंबाचे स्वतःचे धान्य होते. दोन, त्याखेरीज घराच्या गरजेपलीकडचे एक कोठार आहे आणि ते एका घराला चिकटलेले आहे. गावाच्या मोकळ्या जागेत, सर्वांपासून सारख्या अंतरावर ते असते, तर आपण त्याला सहज गावकीचे कोठार म्हटले असते. गावकीचे ते असेलही! दुष्काळासाठी, पेरणीच्या बियाण्यासाठी सर्वांनी मिळून साठवले असेल. पण त्याची राखण एका घराकडे होती. ज्याच्या दाराशी कोठार, त्याच्या दाराशी टंचाईच्या वर्षी लोक येणार. मालकी नसली तरी वाटपाचा हात त्याचाच. माणूस मोठा होण्याची ही वाट सोन्याच्या दागिन्यांतून जाणाऱ्या वाटेपेक्षा जुनी असावी, असे मला वाटते.

पाण्याबाबतही असाच प्रश्न आहे. इनामगावात बांध घालून पुराचे पाणी वळवणारा एक पाट सापडला. सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. एवढे खोदकाम करवून घेणारी कुणीतरी अधिकारी व्यक्ती असलीच पाहिजे, असा युक्तिवाद केला जातो. येथे मी थोडा थबकतो. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर फड पद्धत शतकानुशतके चालत आली. बंधारा, पाट, पाण्याच्या पाळ्या, पाटाची डागडुजी हे सारे लाभधारक शेतकरी आपसात ठरवून करतात. म्हणजे पाट दिसला की प्रमुख असलाच पाहिजे, असे नाही. पाटातून एकच गोष्ट निश्चित कळते, की अनेक घरांचे हात एका कामाला लागले होते. ते हुकमाने लागले की संमतीने, हे पाटाच्या मातीत लिहिलेले नाही.

आता जमिनीखाली जाऊ. इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांतील फार मोठा भाग लहान मुलांचा आहे. मूल गेले, की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यांत ते मूल ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. प्रौढ माणसाला उत्तरेकडे डोके करून खड्ड्यात उताणे निजवत आणि बहुतेकदा त्याचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. मृताने उठून चालू लागू नये, तो घराजवळच राहावा, या भावनेतून ही चाल आली असावी, असा अर्थ लावला जातो.

त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र निराळेच काही मिळाले. कच्च्या मातीचा, चार पायांचा एक भला मोठा रांजण. त्यात सुमारे चाळिशीतला एक पुरुष मांडी घालून बसवलेला. आणि त्याचे पाय शाबूत होते.

संपूर्ण उत्खननात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पुरावा हा आहे. घर मोठे असण्याला दहा कारणे असू शकतात. कोठार सामाईक असू शकते. पण गावात बहुतेकांना लागू असलेला मृत्यूचा नियम या माणसाला लागू झाला नाही, आणि तो सापडला नेमका कोठाराशेजारच्या घराच्या अंगणात. वेगवेगळ्या जातीच्या तीन खुणा एका जागी जुळून येतात. प्रत्येक सुटी खूण वादग्रस्त आहे, तिघींची जुळणी मात्र सहज झटकून टाकता येत नाही. म्हणून 'प्रमुख' हा शब्द मी स्वीकारतो. 'पाटील' स्वीकारत नाही.

हे मोठेपण जन्माने मिळे की कर्तृत्वाने? त्यासाठी इनामगावच्या आसपासची, त्याच संस्कृतीच्या परिसरातली दोन गावे पाहावी लागतात. पुणे जिल्ह्यातच घोड नदीवर चांडोली आहे आणि प्रवरेच्या काठी नेवासे. येथे काही लहान मुलांच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांच्या माळा मिळाल्या. इतर मुलांजवळ फक्त मातीची भांडी. नेवाशाच्या माळेत तर मणी ओवलेल्या दोऱ्याचे तंतूही उरले होते. तांब्याच्या गंजाने ते जपले. पुरातत्त्वातला एक प्रसिद्ध युक्तिवाद असा, की लहान मुलाने स्वतः काही मिळवलेले नसते. त्याच्या दफनात मौल्यवान वस्तू असेल, तर तो मान त्याला कुळाकडून आला. युक्तिवाद बिनतोड नाही, कारण आईबापाच्या मायेलाही तांब्याची माळ परवडत असेल. पण 'परवडणे' हा शब्द आला की विषमताही आलीच. ज्या काळात तांबे इतके दुर्मीळ, त्या काळात ते मुलाबरोबर कायमचे पुरून टाकणारी घरे सर्वांसारखी नव्हती.

आता ज्या मुद्द्यासाठी हा धागा लिहायला घेतला, त्याकडे येतो. इनामगावात कुंभार, मणी घडवणारे, सोनार, चुना भाजणारे, हस्तिदंताचे काम करणारे कारागीर ओळखले गेले. त्यांची घरे प्रामुख्याने वस्तीच्या पश्चिम कडेला आहेत, तर मध्यभागी सधन शेतकऱ्यांची घरे. समाजमाध्यमांवर या एका ओळीचा मोठा प्रवास झाला आहे. 'बलुतेदारी तीन हजार वर्षांची आहे', 'गावाची रचना पहिल्यापासून अशीच होती' अशी वाक्ये इनामगावचा दाखला देऊन सांगितली जातात. कुणी अभिमानाने सांगतो, कुणी संतापाने. दोघेही पुराव्याच्या पुढे धावतात.

आव्याच्या अवशेषांवरून इतके कळते, की येथे मडकी भाजली जात. भाजणाऱ्याचा मुलगाही कुंभारच झाला का, त्याला दुसरे काम करण्याची मुभा होती का, त्याच्या घरात कुठली मुलगी दिली जात असे, पिकातला ठरलेला वाटा त्याला हक्काने मिळे का, यांपैकी एकही गोष्ट आव्याच्या राखेत नाही. बलुतेदारी म्हणजे नेमक्या याच गोष्टी: वंशपरंपरा, हक्क आणि ठरलेला वाटा. तिचा पुरावा मध्ययुगीन आणि मराठेकालीन कागदपत्रांत मिळतो आणि तो तेथेच शोधायला हवा. राहिला प्रश्न कडेला राहण्याचा. गवताच्या छपरांच्या गावात भट्टी मध्यभागी कोण लावील? कडेची जागा हे हीनत्वाचे लक्षण असेल किंवा आगीची भीतीही असेल. कारागीर कडेला होते हे खरे. ते खालचे होते, हे म्हणण्यासाठी त्यांच्या दफनांत, आहारात, घरातल्या वस्तूंत वेगळेपण दाखवावे लागेल. उच्चनीचतेची सुरुवात इनामगावात दिसते, असे मी वर मान्य केले आहे. पण तिची पुढची सगळी रूपेही आधीपासूनच होती असे म्हटले, की ती रूपे पुढच्या काळात कुणी, कशी आणि कुणाच्या फायद्यासाठी घडवली, हा प्रश्नच विचारायचा राहून जातो.

अखेरचा टप्पा उत्तर जोर्वेचा. इ.स.पू. १००० च्या सुमारास दख्खनमधील अनेक जोर्वे वस्त्या ओस पडल्या. इनामगाव तगले, पण बदलले. चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या आल्या. गहू जवळजवळ दिसेनासा झाला, सातू घटला, शिकारीतले मांस वाढले. फ्लॅनरींच्या मांडणीत गावे बहुधा गोलाकडून चौकोनाकडे जातात. इनामगाव उलट दिशेने गेले. अवर्षण हे त्याचे कारण म्हणून दीर्घकाळ सांगितले गेले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी येथील आणि नेवासे-दायमाबादच्या मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये पुस्तक लिहिले. हवामानाचे हे सरळसोट कारण पुरेसे नाही, असे त्यांनी मांडले. उत्तर जोर्वेच्या मुलांच्या वाढीवर ताण पडल्याचे मात्र त्यांच्या हाडांवरून दिसते.

या झोपड्या मोजताना सुरुवातीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. चार-पाच झोपड्या एका अंगणाभोवती असतील, तर ती चार-पाच कुटुंबे की एकच? झोपडी हे घर मानले, तर सगळीच घरे लहान आणि जवळजवळ सारखी. गाव गरीब झाले, पण समान झाले, असे दिसेल. अंगण हे घर मानले, तर पाच झोपड्यांचे अंगण आणि दोन झोपड्यांचे अंगण यांत पुन्हा फरक दिसू लागेल. त्याच मातीचे, त्याच नकाशाचे दोन इतिहास होतात. ढवळीकरांनी पुंजक्यांकडे विस्तारित कुटुंब म्हणून पाहिले आणि मला ते पटते. रात्री निजायला पाच छपरे असली तरी दळण, स्वयंपाक, मुले आणि म्हातारी माणसे यांचा जीव अंगणातच असतो. म्हणून उत्तर जोर्वेच्या नकाशावर बोट ठेवताना मी आधी छपरे मोजत नाही. कुठल्या झोपडीजवळ चूल आहे आणि कुठली झोपडी चुलीवाचून आहे, ते पाहतो. चुलीवाचूनची झोपडी कुणाच्या तरी अंगणातली असते, आणि ते अंगण सापडले की त्या घराची खरी लांबी-रुंदी कळते.